आंबवेळच्या गोण्या

वास आला तेव्हा पायल बसस्टँडजवळच्या चौकात एका ऑटोच्या मागे अडकली होती. एका कॉलेजातला प्राणिशास्त्राचा तास आटोपून ती दुसऱ्या कॉलेजकडे निघाली होती. तासिकेवर शिकवणाऱ्याचा दिवस असाच रस्त्यात तुकड्यातुकड्यांनी जातो. आधी तिला वाटलं, वास आपल्या डोक्यातच आला असेल. पूर्वी तसं व्हायचं. समुद्रावरून परत आल्यावर कितीतरी दिवस, आंघोळ झाली तरी तिला बोटांना तो वास येई आणि ती पुन्हा मोरीत जाई. आई बाहेरून म्हणे, "काई नाई येत वं. साबनाचा येते." मग तो हळूहळू गेला. निदान गेला असं धरून ती चालली होती. आता मात्र भर दुपारी, फेब्रुवारीच्या कोरड्या उन्हात, शेंगदाण्याच्या गाड्यावरच्या आणि ऑटोच्या धुरातून वाट काढत तो सरळ आला आणि तिच्या घशात बसला. रॉकेल, जळलेलं रबर, आणि सगळ्यांत खाली सडलेलं खारं काहीतरी. रॉकेल-डांबराचा वास यवतमाळात कुठेही येईल. खारा वास इथं येण्याचं काही कारण नव्हतं. इथून समुद्र कुठल्याच बाजूला जवळ नाही.

ऑटो सरकला तसा पुढचा टिप्पर दिसला. वर करकचून बांधलेली निळी ताडपत्री, आणि मागच्या फळीच्या फटीतून गळणारा काळा दोरा. तापलेल्या रस्त्यावर तो पडे आणि चमकत राही. पायलनं स्कुटी कडेला घेतली, उतरली, वाकून तो काळा ठिपका बोटावर घेतला आणि अंगठ्यानं चोळला. साधं ऑइल सुळकन पसरलं असतं. हे पसरलं नाही. त्यात कण होते, बारीक, गोल, एकसारखे. आपल्याकडच्या नदीची वाळू अशी नसते, ती टोचते. "ओ मॅडम, रस्त्याच्या मधात काय करून राह्यल्या?" मागून कोणीतरी ओरडलं. तिनं मान वर केली तेव्हा टिप्पर आर्णी रोडकडे वळत होता. दुसऱ्या कॉलेजात पोरं येऊन बसली असतील, हे तिला आठवलं, आणि आठवूनही ती टिप्परच्या मागे निघाली.

गाव संपल्यावर वाहनं पांगली. दोन्ही बाजूंना उपटून टाकलेल्या कापसाच्या पराटीचे ढीग होते, मधेच शेताच्या एखाद्या धुऱ्यावर पळस फुलांनी पेटायला लागला होता. टिप्पर भरल्या गाडीच्या चालीनं जात होता, ती अंतर राखून मागे. मागच्या पावसाळ्यात दोन जहाजं धडकली ती बातमी तिनं घरी आईबरोबर भाजी निवडताना पाहिली होती. एक तेलाचं जहाज, एक मालाचं; धुवांधार पावसात एकमेकांना दिसलीच नाहीत म्हणे. टीव्हीवर कोकणातला कुठलासा किनारा दाखवत होते आणि लाटा येऊन आपटत होत्या, पण त्यांना फेस नव्हता. बिनफेसाची लाट. ती तिच्या मनातून जाईना. खेकड्यांचे कल्ले, शिंपल्यांची बिजागरी, सगळं तिनं वहीत काढलेलं होतं, तोंडपाठ होतं. समुद्र मात्र तिनं पाहिलाच नव्हता. किनारा साफ करायला माणसं हवीत अशी एका कंपनीची जाहिरात आली तेव्हा ती जाते म्हणाली. आई, प्रभावती, अंगणवाडीत मदतनीस म्हणून आयुष्य घालवलेली, तिला ते पटलं नव्हतं. "लोकायचा समुद्र धुवाले तू कायले जातं?" पण दादानं बाजू घेतली. धम्मरत्न, तिचा मोठा भाऊ. वडील उकंडा वारले तेव्हा तो दुसऱ्याच्या टिप्परवर क्लीनर होता, आता त्याचा स्वतःचा टिप्पर होता, समोरच्या काचेवर निळ्या अक्षरात 'जयभीम' लिहिलेला. "जाऊ दे ना माय," तो म्हणाला होता, "आपल्या खानदानात कोनी समुद्र पायला हाये का?" धामणगावच्या स्टेशनावर सोडायला आला, गाडी हलल्यावर खिडकीबरोबर चालत राहिला, आणि काय बोलावं न कळून म्हणाला, "खोल पान्यात नको जाऊ."

खोल पाणी कुठलं. कंपनीनं तिला पाठवलं त्या आंबवेळला पाणीच नव्हतं, असं तिला आता वाटे. गावाच्या कडेनं लांबच लांब किनारा आणि त्याच्यावर काळी जाड साय. नारिंगी पट्टे पाण्यावर तरंगत टाकले होते, तेल अडावं म्हणून. तेल त्यांच्या खालून येई, वरून येई. उपसायचं यंत्र दुसऱ्याच दिवशी तुंबलं. मग फावडी आणि घमेली. पांढरे कपडे घातलेली माणसं वाळूचा थर खरवडत आणि पांढऱ्या गोण्यांत भरत, ओहोटीला साफ केलेला किनारा भरतीला पुन्हा काळा होई, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच वाळू. डोकं चढे. तोंडाला पट्टी बांधली तरी वास आत येई, जेवणात येई, स्वप्नात रंगाशिवाय नुसता वास येई. खारफुटीतल्या कांदळाच्या झाडांची मुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली असतात, ती श्वास घेतात. तिथं यंत्रही नाही आणि फावडंही नाही, एकेक मूळ फडक्यानं पुसायचं. पायल तिथं महिना महिना वाकून होती. तिचं अंग ते काम शिकलं होतं. भरलेल्या गोणीवर लाल रंगानं जागेचं नाव लिहायचं कामही तिच्याकडे आलं, कारण तिचं अक्षर चांगलं. आं-ब-वे-ळ. ओल्या प्लास्टिकवर कुंचला घसरे म्हणून ती 'ळ'ची दुसरी गाठ एका झटक्यात वर ओढी. सुपरवायझर म्हणे, "नक्षी नको काढत बसू. किनारा साफ दिसला पाहिजे." दिसला. दिवाळी होऊन गेल्यावर एके सकाळी खरोखरच वाळू पिवळी दिसली आणि लाटेला फेस आला. खाडीत मुळे, म्हणजे चिखलातले शिंपले, खणून विकणारी इंदूबाई, जिचं पावसाळ्यापासून खणणं बंद होतं, ती गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली आणि नुसती उभीच राहिली. मग म्हणाली, "बरी दिसता गो खाडी." गोण्यांचे ट्रक निघाले तेव्हा ती कुणाचं तरी बिऱ्हाड निघाल्यासारखी बघत होती, आणि पायल तिला म्हणाली होती, "आता हे तुमच्या दारात परत नाही येणार. विदर्भात कारखाना आहे, तिथं रीतसर जाळतात." विदर्भ शब्द उच्चारताना तिला किंचित अभिमान वाटला होता. आपलं गाव कशाच्या तरी कामी येतंय असा.

टिप्पर रस्ता सोडून डावीकडच्या कच्च्या वाटेला लागला. धुरळा उठला आणि तिनं स्कुटी थांबवली. ही वाट तिला माहीत होती. पळसतांड्याची. तांड्याच्या खालच्या अंगाला जुनी गिट्टीची खदान, तिच्या एका कडेला पावसाचं हिरवं पाणी साठलेलं, आणि खदानीला लागून नाला, जो पुढे वळणं घेत घेत अरुणावतीला मिळतो. इथं कारखाना नव्हता. कुठलाच कारखाना नव्हता. धुरळा बसेपर्यंत ती तिथंच उभी होती. परत वळून गेलं असतं तर दुसऱ्या कॉलेजातला निम्मा तास मिळाला असता.

खदानीच्या तोंडाशी दोन टिप्पर होते. ती ज्याच्या मागे आली तो, आणि आत उतरणाऱ्या उतारावर खड्ड्याकडे पाठ करून लावलेला दुसरा, ताडपत्री सोडलेला, काठोकाठ भरलेला. काचेवरचं 'जयभीम' तिला पहिल्यांदा दिसलं आणि त्याच्याखाली हात हलवत मागे मागे बोलावणारा माणूस नंतर. दादा. त्याच्या अंगावर तिनंच आंबवेळहून आणलेला टी-शर्ट होता, पाठीवर मासा छापलेला. खदानीच्या तळाशी पांढऱ्या गोण्या पडल्या होत्या, एकीवर एक, फुटलेल्या, उन्हानं मऊ झालेल्या, आणि त्यांच्यातून निघालेलं काळं हळूहळू हिरव्या पाण्याकडे सरकत होतं. वरच्या एका गोणीवर लाल अक्षरं होती. 'ळ'ची दुसरी गाठ झटक्यात वर गेलेली.

तिला वाटलं होतं, अशा वेळी माणसाला लाज वाटते. तसं काही झालं नाही. राग आला. मी वाकून वाकून उचललं ते हे. मुळं पुसली ती यासाठी. कोणीतरी कुठल्यातरी खोलीत बसून ठरवलं की समुद्र मोठा आहे, त्याला टीव्ही आहे. इथं तांडा आहे, इथं कोण येतंय. आणि ठरवताना त्याला चूकही वाटली नसेल. तिनं स्कुटी स्टँडवर लावली, चावी काढली, उतारावरून चालत गेली आणि दादाच्या टिप्परच्या मागे, चाकं आणि खड्डा यांच्या मधे उभी राहिली.

"अबे थांब, थांब!" धम्मरत्न ओरडला. तिच्या पुढे आलेल्या टिप्परचा ड्रायव्हर, दादाच्या ओळखीचा फुलचंद, आता या गाडीच्या स्टिअरिंगवर बसला होता. त्यानं करकचून ब्रेक दाबला. "पायल? तू इथं काहून?"

"हे कुठून आनलं दादा?"

"बाजूला हो आधी. मरशीन."

"कुठून आनलं?"

"बायपासवरच्या यार्डातून. भरावाचा माल हाये. ठेकेदार म्हने खदान बुजवाची हाये, मेल्या डांबराची माती हाये रस्त्याची." तो जवळ आला, तिच्या दंडाला धरलं. "कॉलेज नाई तुह्यं?"

"ही माती आंबवेळची हाये. मी भरली हे."

तो हसला. त्याला खरंच गंमत वाटली, हे तिला दिसलं आणि तिला त्या क्षणी त्याच्याबद्दल इतकं वाईट वाटलं की राग थोडा ढळला. "येडी झाली काय? आंबवेळ कुठं अन् आर्नी कुठं."

"त्या कट्ट्यावर माह्यं अक्षर हाये. वाच."

तो गोणीवरचं लाल अक्षर वाचायला वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला. त्या अक्षराला तो ओळखत होता. लहानपणी त्याच्या वह्यांवर नाव तीच घालून देई. उठला तेव्हा चेहरा बदलला होता, पण तिला अपेक्षित होतं त्या बाजूला नाही. "असन मंग. तिथून इथं आलं असन. म्या काय जहाज ठोकलं? मले जे भरून देते ते मी टाकतो. म्या नाई टाकलं तर दुसरा टाकन. बाजूला हो."

आवाज ऐकून तांड्यावरून माणसं खाली आली. पुढे पूनमसिंग, तांड्याचा नाईक, डोक्याला पांढरा रुमाल. पायलला वाटलं होतं, हा आपल्या बाजूनं बोलेल. यालाच तर हे पाणी प्यायचं आहे. पूनमसिंग हात जोडून म्हणाला, "बाई, तुमी कोन ते मले माहीत नाई. पन हे काम अडवू नका. मागच्या पावसात या खदानीत आमचं लेकरू गेलं. माह्या भावाची नात. बुजवा म्हनून आमी किती वर्सं हिंडलो, कोनी आलं नाई. आता कोनी बुजवून देऊन राह्यलं तं देऊ द्या." त्याच्या मागे उभी असलेली एक बाई पदर तोंडाला लावून बाजूला गेली.

पायलजवळ होती ती सगळी वाक्यं, जमिनीत झिरपणं, विहिरी, कर्करोग, ही सगळी एका बुडालेल्या मुलीपुढे फारच लांबची होती. आपण कोण? स्कुटीवरून आलेली मॅडम. हे लोक आज झोपताना खदान बुजली म्हणून झोपतील. दादाच्या गाडीचा हप्ता भरला जाईल. बाजूला झालं तर कोणाचंही काही बिघडणार नाही, आज तरी. हे तिला स्पष्ट दिसलं, आणि दिसूनही पाय हलेनात. पायांचं काहीतरी वेगळंच ठरलेलं होतं. कांदळात उभी राहायची तशी ती टाचा रोवून उभी होती.

फोन वाजला. आई. फुलचंदनं घरी कळवलं असणार.

"काय वं, भावाच्या गाडीपुढं उभी हाय म्हने?"

"हो."

"काहून? चार मानसात भावाची इज्जत काढून राह्यली? घरी ये. घरी बोलू आपन."

"घरी बोलेपर्यंत हे खाली पडन माय. समुद्रावरचं तेल हाये हे, जे मी साफ केलं. हे पान्यात जाईन."

आईच्या मागे कुकरची शिट्टी झाली. "तांड्याची विहीर कितीक लांब हाये तिथून?"

पायलनं मान वळवली. खदान, मग बाभळी, मग नाला, आणि नाल्याच्या काठाला दगडी काठाची विहीर. दोरावर कोणीतरी कळशी सोडत होतं. "दिसते इथून," ती म्हणाली.

"माह्या लहानपनी," आई म्हणाली, आणि ही गोष्ट तिनं पायलला कधीच सांगितली नव्हती, "आमाले विहिरीले हात लावू देत नोते. घागर घेऊन उभं राहाचं, कोनी दया करून वतून देईन तवा घरी. उन्हात उभी राहो मी. माय म्हने उभी राय, हालू नोको, हाललं की नंबर जाते." पुन्हा कुकरची शिट्टी झाली. "मंग उभी राय तू," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

पायल खाली वाकली आणि टिप्परच्या फळीतून बाहेर आलेली एक गोणी ओढली. ती उसवलेलीच होती. तिच्यातून काळा, चिकट लगदा भसकन तिच्या सँडलवर आला. तिनं त्यात हात घातला, कोपरापर्यंत, आणि चाचपत राहिली. तिला माहीत होतं, काही ना काही सापडेल. वाळू खरवडताना कोण बघतं त्यात काय आहे ते. एक खेकडा निघाला, हाताच्या तळव्याएवढा, पाय पोटाशी घेतलेला, डोळ्यांपर्यंत काळा. तिनं तो पूनमसिंगसमोर धरला.

"नाईक, हे भरावाची माती असती तर त्यात हे नसतं. हे समुद्रातलं हाये. तिथं मानसायनं पान्यात जानं बंद केलं होतं, मासोळी खानं बंद केलं होतं. खदान बुजली पाह्यजे. माती टाकून बुजली पाह्यजे, मुरूम टाकून बुजली पाह्यजे. तुमची पोरगी गेली म्हनून तुमाले विष टाकून देनं म्हंजे बुजवनं नाई. त्यायले वाटते की तुमी कायलेबी हो म्हनसान."

शेवटचं वाक्य तिनं ठरवलं नव्हतं. तेच लागलं. पूनमसिंगच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. पण तो बोलायच्या आधी लालीबाई पुढे आली, शेळ्या राखणारी म्हातारी, हातात काठी. तिनं खेकडा हातात घेतला, उलटा केला, हुंगला आणि तोंड वाकडं केलं. "कालपासून दोन बकऱ्या चारा नाई खाऊन राह्यल्या," ती म्हणाली, "तोंडाले हेच काळं लागलं हाये. मी म्हटलं, कायच्या डांबरात तोंड घातलं यायनं." मग ती पायलच्या शेजारी, टिप्परच्या मागे, सरळ जमिनीवर बसली. "घे रे, आन तुही गाडी मागं."

फुलचंदनं इंजिन बंद केलं. चावी न काढता तो खाली उतरला आणि लांब जाऊन उभा राहिला.

धम्मरत्न चिडला तो आता. त्याचा राग तिला लहानपणापासून माहीत होता. तो मोठ्यानं बोलत नसे, आवाज खाली येई. "तू समुद्रावर होती तवा म्या साऱ्या स्टँडवर तुह्या फोटो दाखवला. पांढरा ड्रेस घातलेला. माह्यी बहीन समुद्र साफ करून राह्यली म्हनून. अन् तू घरी येऊन माह्यीच गाडी अडवतं? लोकायचा समुद्र तुले दिसते, भावाचं घर नाई दिसत?" आणि ती माती साधी माती आहे हे दाखवण्यासाठीच की काय, त्यानं फुटलेल्या गोणीतला लगदा मुठीत घेतला. दाबला. सोडला. हात झटकला, मग पँटला पुसला, मग बाटलीतलं पाणी ओतलं. पाणी त्या काळ्यावरून थेंबथेंब होऊन घसरून गेलं. त्यानं माती घेऊन चोळली. पायल बघत होती. पहिल्या दिवशी आंबवेळला तिनंही हेच केलं होतं, याच क्रमानं, आणि तिच्याही चेहऱ्यावर अशीच चमत्कारिक भीती आली असेल, की हे आता निघणारच नाही.

त्यानं डाव्या हातानं फोन काढला आणि ठेकेदाराला लावला. स्पीकरवर टाकला, का कोण जाणे. बहुतेक तिला ऐकवायला की बघ, माणूस चांगला आहे. "भाऊ, हा माल कायचा हाये?" पलीकडून विचारलं गेलं, कोण आहे तिथं? "गावातले लोक हायेत. इचारून राह्यले." "त्यांना काय सांगायचंय? खाली कर आणि निघ. आणि हे बघ, माझं नाव घेऊ नको." फोन बंद झाला. पुन्हा लावला तर लागेना.

धम्मरत्न गाडीच्या चाकाला टेकून उभा राहिला. उन्हात सगळे उभे होते, मधे लालीबाई बसलेली. तो हाताकडे बघत होता. मग कोणाकडे न बघता म्हणाला, "नाव घेऊ नको म्हंते. म्हंजे माह्यं नाव हाये यावर."

"दादा, गाडी वापस ने."

"कुठं? यार्डाले कुलूप लावलं असन आता."

"जिल्हा कचेरीत. गेटसमोर लाव."

"गाडी जप्त होईन वं, पायल." हे त्यानं अगदी हळू म्हटलं, आणि ती गाडी घेतली त्या दिवशी त्यानं चाकांना हळद लावली होती हे तिला आठवलं. तिच्याकडे त्याला द्यायला काहीच नव्हतं. सुटेल, असं ती म्हणू शकत नव्हती.

"होईन," ती म्हणाली. "मी संगं येतो."

त्यानं पूनमसिंगकडे पाहिलं. पूनमसिंगनं डोक्याचा रुमाल काढून झटकला. "खाली पडले ते कट्टे आमी राखतो," तो म्हणाला, "कोनी झाकून टाकाले आलं तं हात लावू देनार नाई. तुमी वरचे न्या. अन् सायेबाले सांगा, खदान आमाले बुजूनच पाह्यजे. मातीनं."

फुलचंदची भरलेली गाडी आणि पायलची स्कुटी तांड्याच्या राखणीत तिथंच राहिली. केबिनमध्ये वास कोंडला होता. पायल खिडकीशी, मधे लालीबाई, जिनं कोणालाही न विचारता वर चढून जागा घेतली होती, आणि धम्मरत्न, ज्याचा काळा हात स्टिअरिंगला चिकटून सुटताना आवाज होई. ताडपत्री त्यानं मुद्दाम बांधली नाही. रस्त्यावर मोटारसायकलवाले नाकाला रुमाल लावून मागे राहू लागले. पायलला वाटत होतं, आपल्याला भीती वाटायला हवी. कॉलेजातून काढतील, पोलीस, ठेकेदाराची माणसं. भीती होतीही. पण तिच्यावर काहीतरी मोठं बसलं होतं. आंबवेळला एवढे महिने तिनं जे केलं त्याला पहिल्यांदाच शेवट येत होता. तिथं आपण सांगतील तिथून उचललं. आज पहिल्यांदा कुठं ठेवायचं ते आपण ठरवतोय. तिनं खिडकीची काच पूर्ण खाली केली. येऊ दे वास. सगळ्या गावाला येऊ दे.

कचेरीच्या गेटसमोर टिप्पर आडवा लागला तेव्हा उन्हं कलत होती. शिपाई धावत आला, मग दोन पोलीस, मग नाकाला रुमाल लावून आतली माणसं, दाखले घ्यायला आलेले शेतकरी, झेरॉक्सवाले. एक अधिकारी बाहेर आले, वयस्कर, थकलेले. वास येताच एक पाऊल मागे गेले, मग पुन्हा पुढे आले, हे तिनं पाहिलं. "हा माल कुणाचा?" त्यांनी विचारलं.

पायल बोलणार एवढ्यात धम्मरत्न म्हणाला, "कुनाचा ते तुमी काढा सायेब. गाडी माह्यी हाये. म्या आनला. सकाळी मले माहीत नोतं हा काय हाये. आता माहीत हाये, ते बी लिवून घ्या."

"गाडी आधी बाजूला घ्या, मग बोलू."

"नाही," पायल म्हणाली. "साहेब, बाजूला घेतली की ती दिसणार नाही. खदानीत याच्यासारखे आणखी पडलेत. ते उचलायला माणसं निघाली की आम्ही गाडी हलवू." मागून लालीबाई मोठ्यानं म्हणाली, "अन् बकऱ्यायचा डाक्टर पाठवा," आणि गर्दीत कोणीतरी हसलं, पण अधिकारी हसले नाहीत. त्यांनी फोन कानाला लावला.

संध्याकाळी जीप पळसतांड्याला गेली. टिप्पर पोलिसांच्या आवारात गेला आणि धम्मरत्न ठाण्यात. आई डबा घेऊन आली आणि बाकड्यावर त्याच्या शेजारी बसून राहिली, त्याच्या काळ्या हातावर खोबरेल चोळत. यार्डातल्या उरलेल्या आणि फुलचंदच्या गाडीतल्या गोण्यांना सील लागलं. खदानीतल्या उचलायला पुढे होळी उलटून गेली, आणि तेव्हाही उचलणारी माणसं पांढऱ्या कपड्यांत आली तेव्हा पूनमसिंगनं त्यांना आधी विचारलं, हे आता कुठं नेता, आणि कारखान्यापर्यंत तांड्याचे दोघं ट्रकमध्ये बसवल्याशिवाय वाट सोडली नाही. विहिरीचं पाणी तपासायला नेलं. निकाल येईपर्यंत टँकर आला, कधी आला, कधी नाही. लालीबाईची एक शेळी मेली. टिप्पर सुटायला फार दिवस लागले. मधल्या काळात धम्मरत्न पुन्हा दुसऱ्याची गाडी चालवत होता, घरी पायलशी थोडकंच बोलत होता, आणि तिनं त्याला बोलायला लावलं नाही.

आंबवेळच्या सुपरवायझरचा फोन आला तेव्हा ती कॉलेजच्या जिन्यात उभी होती. तासिका तशाच होत्या; कोणी काढलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं. तो आधी गोड बोलला. मग म्हणाला, "कंपनीला केवढा त्रास झाला तुझ्यामुळे, कळतंय का? तुला काय करायचं होतं? किनारा साफ झाला होता ना?"

"तिथला झाला होता," ती म्हणाली.

"हे बघ, दक्षिणेकडे परवा पुन्हा एका जहाजाचं तेल सुटलंय. माणसं लागणार आहेत. पण तुला कोणी बोलावणार नाही, एवढं लक्षात ठेव."

जिन्याखालून पोरांचा लोंढा वर येत होता. ती कठड्याला टेकली, त्यांना वाट दिली.

"कुठला किनारा?" तिनं विचारलं.

"का? सांगितलं ना, बोलावणार नाहीत तुला."

"बोलावू नका. गावाचं नाव सांगा फक्त. मी न बोलावता येईन, आणि ट्रक निघाले की त्यांच्या मागे मागे जाईन."

त्यानं फोन ठेवला नाही. तिनंही फोन ठेवला नाही. कानाला लावून ती तशीच उभी राहिली, नाव ऐकण्यासाठी.